काप्तीवुसची तीन लेकरं

३ मार्च, सोमवार

"वाचनालयाच्या सभासदांनो! तुमच्या-माझ्या पाठीमागे आपल्याला कुणी ना कुणी नाव ठेवलेलं आहे. ठेवताना आपल्याला विचारलं नव्हतं. आपण ते ऐकलं आणि गिळलं. आज मी अशा एका शब्दाची फिर्याद घेऊन उभी आहे, ज्याने दोन हजार वर्षं हेच गिळलं."

सुरुवात ही. बदलायची नाही. बाकीचं अजून सुचायचं आहे, पण सुरुवात हातात असली की सभा हातात असते, हे चाळीस वर्षांच्या बोलण्यात शिकले.

या महिन्याची शब्दसभा माझ्याकडे आली आहे. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एका सभासदाने एक शब्द घ्यायचा, जगातल्या कुठल्याही भाषेतला, आणि त्याची जन्मकथा सांगायची, ही आमच्या वाचनालयाची जुनी रीत. नियम एकच आणि कडक: शब्दाच्या प्रत्येक अर्थाला एक जिवंत उदाहरण द्यायचं. पुस्तकातलं चालत नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. उदाहरण नसेल तर समोरचे बाक वाजवतात. माझ्या सभेत आजवर बाक वाजलेला नाही.

मी लॅटिनमधला 'काप्तीवुस' घेतला आहे. अर्थ साधा: पकडलेला. कैदी.

का घेतला, ते इथे लिहायला हरकत नाही. धाकटा भाऊ मागच्या महिन्यात तुरुंगातून सुटून घरी आला. आमच्या छोट्या खोलीत राहतो. आत असताना पुस्तकबांधणी शिकला. वाचनालयाच्या मागच्या खोलीतले बांधणीकाका हात थरथरतात म्हणून काम सोडताहेत, आणि ग्रंथपालबाईंनी धाकट्याला महिनाभर त्यांच्या जागी बसवून पाहायचं ठरवलं आहे. कायम करायचं की नाही ते समिती महिनाअखेर ठरवणार. तो कुठून आला हे समितीला माहीत आहे, सभासदांना नाही. ग्रंथपालबाईंनी मला बजावलं, "बाई, फक्त गाजावाजा नको."

गाजावाजा मी कशाला करू?

पण समितीचे अध्यक्ष काय म्हणाले ते मी विसरणार नाही. "माणूस वाईट नसेलही, पण बघू." नसेल*ही*! हा 'ही' कुठल्या टाकसाळीत पाडतात हे लोक?

७ मार्च, शुक्रवार

आज मुद्दाम मागच्या खोलीत डोकावले. धाकट्याने एक जुना नकाशासंग्रह उसवून टेबलावर फर्मे, म्हणजे घडीच्या पानांचे जुडगे, वेगळे मांडले होते. खळीच्या भांड्यावर ओलं फडकं. दाभण, मेण लावलेला दोरा, घासून गुळगुळीत झालेली हाडाची पट्टी. तो कागदाची घडी बोटाने नाही, त्या पट्टीने बसवतो. एकदाच फिरवतो. दुसऱ्यांदा फिरवली की कागद चकाकतो म्हणे, आणि ते बरं दिसत नाही.

"कसं चाललंय?" म्हटलं.

"चाललंय. तू इथे कशाला आलीस? डबा विसरलोय का मी?"

"नाही रे, सहज."

"सहज येणारी तू नव्हेस, ताई."

निघताना माझ्या लक्षात आलं ते लिहून ठेवते. दुपारी तो पाणी प्यायला बाहेर निघाला आणि दारापाशी थांबला. दार लोटलेलंच होतं, कडीसुद्धा नव्हती. तरी उभा राहिला. कुणीतरी उघडेल याची वाट पाहत असल्यासारखा. मग भानावर आला आणि स्वतःच ढकलून गेला. घरीही तसंच करतो.

काप्तीवुसचं याहून जिवंत उदाहरण जगात कुठे मिळेल?

हे रात्रीच्या जेवणाला ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता कोशात टाकणार वाटतं मेहुण्याला? दा, दार, दारापाशी उभा असलेला?"

ह्यांना प्रत्येक गोष्टीचा विनोद करायची खोड आहे.

१२ मार्च, बुधवार

वाचून वाचून डोकं तापलं आहे.

लॅटिनमध्ये 'कापेरे' म्हणजे पकडणं. त्यावरून काप्तीवुस. त्यात चांगलं-वाईट काही नाही. हरलास, सापडलास, दोर बांधला, झालास काप्तीवुस. उद्या जिंकलास तर दुसरा होईल. मग साम्राज्य मोडलं, लॅटिनच्या मुली वेगळ्या राहू लागल्या, आणि या एका शब्दाची तीन लेकरं तीन घरांत वाढली. स्पॅनिशमध्ये तो 'काउतीवो' झाला, आणि तिथे तो अजून कैदीच आहे. प्रामाणिक लेकरू. फ्रेंचमध्ये 'शेतीफ' झाला. तिथे आधी कैदी, मग दुर्दैवी, आणि आता नुसता किडकिडीत, मरतुकडा, बिचारा. आणि इटालियनमध्ये? तिथे तो 'कात्तीवो' झाला. वाईट! दुष्ट! नासलेलं दूध कात्तीवो, वात्रट पोर कात्तीवो, खराब हवासुद्धा कात्तीवो. ज्याला बांधलं तो वाईट, आणि ज्याने दोर आवळला त्याचं नावही नाही!

मी हे वाचनकक्षात अध्यक्षांना ऐकवलं. जरा चढ्या आवाजातच. चार लोकांनी वर्तमानपत्रं खाली केली.

अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "बाई, इटालियनचं तसं नाही. ते धर्मग्रंथांच्या लॅटिनमधून आलंय. 'सैतानाचा कैदी' असं म्हणायचे. पापाने पकडलेला, म्हणून वाईट. तुरुंगवाल्यांनी नाही केलेलं ते."

घरी येऊन ताडून पाहिलं. बरोबर आहे त्यांचं. लिहायला जड जातं, पण आहे. तासभर मी खुर्चीत नुसती बसले. मग उठले आणि ठरवलं की हे तर आणखी वाईट! माणसाला आधी साखळी घालायची आणि मग ती सैतानाने घातली म्हणून सांगायचं. भाषणात हा मुद्दा घ्यायचा. टाळ्या हमखास.

आणखी एक. हेच अध्यक्ष निघताना मागच्या खोलीत गेले आणि आपल्या वडिलांचं एक जीर्ण पुस्तक धाकट्याच्या टेबलावर ठेवून आले. म्हणाले, "सावकाश करा. घाई नाही. पण कणा मूळचाच ठेवा." पाहिलंत? अजून समितीचा निर्णय नाही, तोवर घरची कामं उरकून घ्यायची! ग्रंथपालबाई म्हणाल्या, "बाई, ते पुस्तक त्यांनी आजवर काकांनासुद्धा दिलं नव्हतं." मी म्हटलं, काकांनी नकार दिला असेल.

१८ मार्च, मंगळवार

आज जेवणानंतर भाषणाचा मधला भाग वाचून दाखवला. हे पेंगत होते. धाकटा मात्र ऐकत होता, हाताला वाळलेली खळ नखाने काढत.

मी वाचलं: "या माणसाचा गुन्हा काय? अन्याय सहन झाला नाही, एवढाच!"

"कुणाचा?" तो म्हणाला.

"उदाहरणातल्या माणसाचा."

"म्हणजे माझा?"

"नाव घेणार नाही मी. मुळीच नाही."

त्याने खळीचा शेवटचा पापुद्रा काढला. मग म्हणाला, "ताई, मी मारलं होतं त्याला."

"तो फोरमन कसा होता ते तुझ्या सगळ्या छापखान्याला माहीत आहे. तो कामगारांना..."

"होता. हलकट होता. पण लोखंडी पट्टी माझ्या हातात होती. डोळा त्याचा गेला. ते मी केलं. त्याची जी शिक्षा होती ती भोगली. तेवढं तरी माझं राहू दे. तेही तू काढून घेतलंस तर मी आत नेमकं काय करत होतो, सांग बघू?"

मला वाटतं आत राहून माणसाला स्वतःलाच दोष द्यायची सवय लागते. याबद्दल कुठेतरी वाचल्याचं आठवतं.

मग वातावरण हलकं व्हावं म्हणून मी त्याला तीन लेकरांची गोष्ट सांगितली. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन. त्याला आवडली. म्हणाला, "म्हणजे समितीतले काही लोक इटालियन बोलतात, आणि तू फ्रेंच."

हे खो-खो हसले, झोप उडाली त्यांची. मीही हसले. काय चपखल बोलला! फक्त 'तू फ्रेंच' कसं ते कळलं नाही, कदाचित मी फ्रेंच शिकवत होते म्हणून. हे वाक्य भाषणात घ्यायला हवं.

"घेऊ?" विचारलं.

"वाक्य घे. मला नको घेऊस."

उठताना त्याने विचारलं, "आणि ताई, सुटलेल्याला काय म्हणतात त्यांच्यात?"

लॅटिनमध्ये 'लिबेर्तुस' आहे, मी म्हटलं, पण तो मुक्त केलेला गुलाम. आणि त्यालाही जुन्या मालकाचं देणं आयुष्यभर लागायचं. सुटलेल्या कैद्याला असा वेगळा शब्द मला आठवला नाही.

"नसेल," तो म्हणाला. "त्याला त्याच्या कामावरून हाक मारत असतील."

२४ मार्च, सोमवार

मन थाऱ्यावर नाही. इटालियन अर्थाला उदाहरण आहे: अध्यक्षांचा 'ही'. स्पॅनिशला सोपं आहे. फ्रेंचला नाही. 'बिचारा' या अर्थाचं जिवंत उदाहरण सापडत नाही, आणि ते नसेल तर बाक वाजणार. दारापाशी थांबणाऱ्या माणसाइतकं नेमकं दुसरं काही डोळ्यांसमोर येत नाही.

तो म्हणाला मला नको घेऊस. पण नाव न घेता घेतलं तर ते घेणं कसं? आणि हे त्याच्यासाठीच तर आहे. सभेत समितीचे पाचही जण असतील. त्यांची मनं आत्ता हलवली नाहीत तर कधी? गप्प राहून कुणाला न्याय मिळाल्याचं मी एकाही ग्रंथात वाचलेलं नाही.

ठरलं.

२९ मार्च, शनिवार

असं भाषण माझ्या हातून पूर्वी झालं नाही, पुढे होईल असं वाटत नाही.

सभागृह खचाखच. खिडक्यांतही माणसं. सुरुवातीच्या वाक्याला शांतता, सैतानाच्या साखळीला टाळ्या. आणि शेवटी मी आवाज एकदम खाली आणला. म्हटलं, "एक माणूस आहे. लोटलेल्या दारापाशीसुद्धा तो उभा राहतो. कुणीतरी उघडेल म्हणून. आत असताना त्याने फाटलेली पुस्तकं शिवायला शिकून घेतलं. तुमच्या हातात आत्ता जे पुस्तक आहे त्याचा कणा कदाचित त्याच हातांनी सरळ केलेला असेल. सांगा, हा वाईट? हा माझा शेतीफ आहे, आणि मी त्याच्यासाठी न्याय मागते!"

नाव घेतलं नाही. शब्द पाळला.

सगळी सभा एकाच वेळी मान वळवून मागच्या खोलीच्या दाराकडे पाहू लागली. मी इतकी माणसं एका हालचालीत वळलेली कधी पाहिली नव्हती. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. बाक वाजला नाही, टाळ्या थांबेनात.

धाकटा मागे, भिंतीला टेकून उभा होता. टाळ्या चालू असतानाच तो निघाला. आणि काय सांगू, दाराजवळच्या एका गृहस्थाने चटकन पुढे होऊन त्याच्यासाठी दार उघडून धरलं! दुसऱ्याने बाजूला सरकून वाट दिली. एका तासात माणसं एवढी बदलतात. शब्दाची ताकद म्हणतात ती हीच.

त्याने थांबून एक शब्द तरी बोलायला हवं होतं. थोडा रागच आला. अध्यक्षही न भेटता गेले. त्यांना 'ही' झोंबला असणार.

३१ मार्च, सोमवार

संताप, संताप, संताप.

सकाळी वाचनालयात गेले तर मागच्या खोलीच्या दाराशी सभासदांची रांग. पुस्तकं घेऊन नव्हे. बघायला! एका बाईंनी जुन्या कपड्यांचं गाठोडं आणलं होतं. दुसऱ्या एकाने ग्रंथपालबाईंना विचारलं की मागच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, आणि बांधायला दिलेली दोन पुस्तकं परत नेली. टेबल रिकामं होतं. धाकटा आलाच नव्हता.

मी त्या गाठोड्याच्या बाईंना तिथेच झापलं. किल्लीवाल्यालाही. हेच का ते, ज्यांनी परवा टाळ्या वाजवल्या? लाज वाटायला हवी!

ग्रंथपालबाईंनी मला खोलीत नेलं आणि दार लावलं. "बाई, आज त्यांना कायम करायचं होतं. पाचांपैकी चौघांची सही तयार होती. पहिली सही अध्यक्षांची."

"अध्यक्षांची?"

"त्यांनीच तर बाकीच्यांना तयार केलं. आता दोघं म्हणतात पुन्हा विचार करू. लोक विचारतील, म्हणतात."

"मग विचारू देत! मी उत्तर देते. पुढच्या सभेत..."

"बाई," त्या म्हणाल्या. त्या मला कधी अशा स्वरात बोलल्या नव्हत्या. "तुम्हाला उदाहरण हवं होतं. तुम्ही त्यांना घेतलंत."

घरी आले. धाकटा छोट्या खोलीत पिशवी भरत होता. मी सगळं एका दमात सांगितलं: लोक कसे, समिती कशी, कपडे कसे. त्याने पिशवीची चेन ओढली.

"ताई, इतके दिवस तिथे मी बांधणीवाला होतो. लोक यायचे, 'कधी मिळेल' विचारायचे, उशीर झाला की चिडायचे. एका आजोबांनी तर मला गाढव म्हटलं, पानं उलटी लागली म्हणून. इतकं बरं वाटलं होतं."

मी पलंगाच्या कडेवर टेकले.

"आणि दाराचं," तो म्हणाला, "मलाही माहीत नव्हतं मी तसा थांबतो. आता प्रत्येक दारापाशी आठवतं."

ह्यांनी त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, "आजची रात्र तरी राहा रे. उद्या मी हिला कोशात घालतो." कुणी हसलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

काल काही लिहिलं नाही. दिवसभर ते 'तू फ्रेंच' डोक्यात फिरत होतं. इटालियन म्हणतं वाईट. फ्रेंच म्हणतं बिचारा. मी इटालियनशी भांडत राहिले, गळा सुकेपर्यंत, आणि फ्रेंच बोलत राहिले. दोघांतही त्याला कुणी विचारलं नव्हतं. माझ्याच भाषणाची पहिली ओळ.

आज सकाळी दारावर थाप. अध्यक्ष. हातात वडिलांचं पुस्तक, अर्धं शिवलेलं, दोरा लोंबत.

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आत धाकट्याला पाहून कडाडले, "हे काय? शिवण अर्धी टाकून कुणी जातं का? फर्मे सुटताहेत! माझ्या वडिलांचं पुस्तक आहे हे, रद्दी नाही!"

धाकटा उभा राहिला. "तुम्ही घाई नाही म्हणाला होतात."

"घाई नाही म्हणजे सोडून द्या असं नाही! आणि कणा कुठे आहे मूळचा?"

"ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. मागच्या खोलीत. चामडं कडक झालं होतं."

"मग चला! वाळून जाईल!"

आणि धाकटा गेला. चपला अडकवल्या आणि गेला. दारापाशी थांबला, किंचितच. अध्यक्षांनी दाराला हात लावला नाही, दुसरीकडे बघत उभे राहिले. धाकट्याने दार ढकललं.

मी धावत जिन्यापर्यंत गेले. "अध्यक्षसाहेब, मी आणखी एक सभा घेते, सगळं समजावते..."

"बाई, कृपा करा." मग जरा मऊ झाले. "भाषण चांगलं होतं. फारच चांगलं होतं, तोच घोटाळा झाला. शनिवारी समिती पुन्हा बसणार आहे. ते दोघं मागची खोली बघायला येतील. टेबल रिकामं असलं की माणूस माणसाकडे बघतो. टेबल भरलेलं असलं तर पुस्तकांकडे बघतो."

माझ्या तोंडाशी आलं होतं की हे वाक्य मी भाषणात घेऊ का. गिळलं.

३ एप्रिल, गुरुवार

ग्रंथपालबाईंनी फलकावर सूचना लिहायला मला कालच सांगितलं होतं. आज "थोडक्यात लिहा, बाई," म्हणाल्या, आणि खडू हातात देऊन तिथेच उभ्या राहिल्या.

काल रात्री घरी कागदावर लिहून पाहिलं होतं. पहिला मसुदा चार पानं झाला, त्यात लॅटिन होतं. फाडला. दुसऱ्यात 'न्याय' होता, 'समाज' होता, तुम्हाला लाज कशी वाटत नाही हे होतं. राग अजून जिरलेला नाही, खोटं कशाला लिहू? पण तो राग माझा आहे, त्याचं ओझं त्याच्या टेबलावर ठेवायचं नाही. तोही फाडला. हे म्हणाले, "तू कागद फाडतेस त्यांचीच एक वही बांधून देईल तो."

आज सकाळी मीच माझा जुना लॅटिन कोश नेला. कणा मोडलेला, 'क' अक्षराची पानं सुटलेली. बघायला आलेल्यांच्या रांगेत उभी राहिले. धाकट्याने कोश उलटापालटा केला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "किती वर्षं असा वापरलात? पंधरा दिवस लागतील."

"इतके?" मी म्हटलं. "मला आधी हवाय."

"मग दुसरीकडे द्या."

ठेवला आणि निघाले. फलकावर जे लिहिलं ते असं:

सभासदांनो, तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मी वाजवून घेतल्या. आता घरातलं एक फाटकं पुस्तक शनिवारच्या आत मागच्या खोलीत आणून द्या, आणि 'कधी मिळेल?' एवढंच विचारा.